बॉयकॉट : एका आडनावाचे झाले क्रियापद

वर्तमानपत्र उघडले की आठवड्यातून एकदा तरी हा शब्द भेटतोच. विरोधी पक्षाचा सभागृहावर बहिष्कार, शिक्षकांचा पेपर तपासणीवर बहिष्कार, रस्ता झाला नाही म्हणून अख्ख्या गावाचा मतदानावर बहिष्कार. मथळ्यात जागा कमी पडली किंवा बोलणारा जरा शहरी असला, की त्या बहिष्काराचा 'बॉयकॉट' होतो. शब्द इंग्रजी असला तरी आता तो आपल्याकडे पाहुणा राहिलेला नाही. भाजीबाजारातला माणूससुद्धा म्हणतो, "त्या दुकानाला मी बॉयकॉट केलंय."

ज्यांनी रेडिओला कान लावून क्रिकेट ऐकत तारुण्य घालवले, त्यांच्या डोळ्यांपुढे हा शब्द ऐकताच यॉर्कशायरचा जेफ्री बॉयकॉट उभा राहतो. खेळपट्टीवर एकदा ठाण मांडले की दिवस दिवस न हलणारा. समोरच्या गोलंदाजाला कंटाळा आणून त्याला खेळावरच बहिष्कार टाकायला लावणारा, असे आम्ही तेव्हा गमतीने म्हणायचो. पण हा शब्द त्याच्यावरून आलेला नाही. तो जन्मायच्या साठ वर्षे आधीच शब्द जगभर फिरून आला होता. जेफ्रीकडे आपण पुढे येऊच, कारण त्याचीही या गोष्टीत एक गंमतशीर जागा आहे.

माणसांच्या नावांवरून शब्द होतात, हे आपल्याला नवे नाही. 'तुघलकी कारभार' म्हणताना महंमद तुघलकाची आठवण आपण ठेवत नाही. सँडविच खाताना त्या नावाच्या इंग्रज उमरावाला कोणी दुवा देत नाही. 'कळीचा नारद' आपल्या प्रत्येक गल्लीत एक असतोच. पण जिवंत माणसाचे आडनाव, त्याच्या डोळ्यांदेखत, दोन-तीन महिन्यांत क्रियापद व्हावे आणि तेही त्याच्याच विरोधात वापरले जावे, असे क्वचित घडते. ते घडले आयर्लंडमध्ये, १८८० च्या शरद ऋतूत.

चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट हा १८३२ साली इंग्लंडमधल्या नॉरफोक परगण्यात जन्मला. काही काळ पलटणीत होता, म्हणून लोक त्याला कॅप्टन म्हणत. पुढे तो आयर्लंडच्या पश्चिमेला मेयो परगण्यात गेला आणि लॉख मास्क नावाच्या सरोवराकाठी राहू लागला. स्वतःची शेती होतीच, शिवाय लॉर्ड अर्न या जमीनदाराचा तो तिथला मुखत्यार होता. जमीनदार दूर आपल्या वाड्यात, आणि कुळांकडून खंड वसूल करायला हा माणूस. कोकणातल्या आणि मराठवाड्यातल्या माझ्या पिढीच्या माणसाला हे चित्र समजावून सांगावे लागणार नाही. मालक दिसत नाही, दिसतो तो कारभारी. आणि कुळाचा राग कारभाऱ्यावरच निघतो. बॉयकॉट कडक होता. कोणाची कोंबडी आपल्या हद्दीत शिरली तरी तो दंड लावतो, असे कुळे सांगत.

त्या राग-लोभामागे मोठी भूक होती. १८४५ पासून बटाट्याचे पीक सडत गेले, त्या दुष्काळात आयर्लंडमध्ये दहा लाखांच्या आसपास माणसे मेली आणि जवळजवळ तितकीच बोटीत बसून देश सोडून गेली. ती आठवण ताजी असतानाच १८७९ साली पुन्हा पीक बुडाले. खंड भरायला पैसा नाही आणि न भरला तर घरादारासकट बेदखल. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेयोमधल्याच कॅसलबार गावी 'लँड लीग' स्थापन झाली. मायकेल डेव्हिट हा तिचा प्राण होता. तो स्वतः बेदखल झालेल्या मेयोतल्या कुळाचा मुलगा. अध्यक्ष होते चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल. मागण्या तीन : खंड रास्त असावा, खंड भरणाऱ्याला जमिनीवरून काढता येऊ नये, आणि कुळाला आपला हक्क विकण्याची मोकळीक असावी. आपल्याकडे १९४८ चा कुळकायदा आला, त्यामागची तळमळ हीच होती.

१९ सप्टेंबर १८८० रोजी एनिस गावच्या सभेत पार्नेल यांनी श्रोत्यांनाच प्रश्न विचारला. शेजाऱ्याला हुसकावून रिकामी केलेली जमीन जो दुसरा माणूस घेईल, त्याचे काय करायचे? गर्दीतून आवाज आला, गोळी घाला. पार्नेल म्हणाले, त्याहून चांगला मार्ग आहे. रस्त्यात भेटला तर बोलू नका, दुकानात, बाजारात, अगदी प्रार्थनेच्या जागीही त्याला एकटा पाडा. पूर्वी महारोग्याला जसे दूर ठेवत तसे ठेवा. यात महारोग्याची उपमा आली, हे लक्षात ठेवू या.

त्यानंतर तीनच दिवसांनी लॉख मास्कला ठिणगी पडली. कुळांनी खंडात पंचवीस टक्के सूट मागितली होती. लॉर्ड अर्न दहा टक्क्यांच्या पुढे सरकायला तयार नव्हता. २२ सप्टेंबरला पोलिसांच्या बंदोबस्तात बेदखलीच्या नोटिसा बजावायला माणूस निघाला. तीन घरी नोटिसा लागल्या. चौथ्या घरी मात्र बायका बाहेर आल्या आणि त्यांनी चिखल, शेण, दगड जे हाताला लागेल ते फेकून त्या माणसाला आणि पोलिसांना बॉयकॉटच्या घरापर्यंत पिटाळून लावले. दुसऱ्या दिवसापासून गोळी न झाडता सारे थांबले. नोकर निघून गेले. शेतावरचे मजूर यायचे बंद झाले. बॅलिनरोबच्या दुकानदारांनी माल देणे थांबवले. लोहार घोड्याला नाल मारीना, धोबीण कपडे नेईना. टपाल आणणाऱ्या पोराला धमकी मिळाली. शेतात पीक उभे, आणि कापायला एक हात नाही. अखेर बॉयकॉटने लंडनच्या 'टाइम्स'ला पत्र लिहून आपली कैफियत मांडली. ऑक्टोबरमध्ये ते छापून आले आणि एका आडगावचा तंटा साऱ्या साम्राज्याला कळला.

आता शब्दाची कथा. गावचे धर्मगुरू फादर जॉन ओमॅली हे लोकांचे पुढारी होते. जेम्स रेडपाथ नावाचा अमेरिकी पत्रकार त्यांच्याकडे जेवायला बसला होता. रेडपाथचा घास अडला. फादरनी विचारले, काय झाले? तो म्हणाला, एका शब्दापाशी अडलो आहे. जमीनदाराला किंवा जमीन बळकावणाऱ्याला लोक असे एकटे पाडतात, त्याला इंग्रजीत 'ऑस्ट्रसिझम' हा शब्द आहे, पण तो इथे चालणार नाही. फादरही म्हणाले, नाही, तो आमच्या शेतकऱ्याला कळायचा नाही. मग क्षणभर कपाळावर हात मारून ते म्हणाले, त्याला 'बॉयकॉट करणे' म्हटले तर? ही हकीगत रेडपाथनेच सांगितली आणि डेव्हिटने आपल्या ग्रंथात ती नोंदवून ठेवली.

जो शब्द त्या दोघांनी बाजूला ठेवला, तोही मोठा मजेदार आहे. प्राचीन अथेन्समध्ये एखादा पुढारी डोईजड होतो आहे असे वाटले, तर नागरिक मातीच्या फुटक्या भांड्याच्या तुकड्यावर त्याचे नाव खरवडून टाकत. त्या तुकड्याला ग्रीकमध्ये 'ऑस्ट्राकॉन' म्हणत. ज्याच्यावर निकाल जाई, त्याला दहा वर्षे शहराबाहेर राहावे लागे. मालमत्ता मात्र त्याचीच राही. ऑस्ट्राकॉन म्हणजे आपल्या मराठीत सरळ 'खापर'. दुसऱ्याच्या डोक्यावर खापर फोडण्यात आपण पटाईत. ग्रीक लोक खापरावर नाव लिहून माणूस घालवत. पण मेयोच्या शेतकऱ्याला ग्रीक खापर कशाला हवे? त्याच्यापुढे कॅप्टन बॉयकॉट उभा होता.

नोव्हेंबरात गोष्ट तमाशावर आली. उत्तर आयर्लंडमधून, कॅव्हन आणि मोनॅहन परगण्यांतून, पन्नास स्वयंसेवक बॉयकॉटचे पीक काढायला आले. त्यांच्या रक्षणाला सुमारे नऊशे सैनिक आणि पोलीस. पन्नास माणसांनी बटाटे, बीट, टर्निप काढायचे आणि नऊशे जणांनी बंदुका घेऊन उभे राहायचे. फादर ओमॅलींनी लोकांना बजावले होते, घराबाहेर पडू नका, दगडही उचलू नका. त्यामुळे फौजेला लढायला कोणी मिळालेच नाही. पावसात भिजत त्यांनी दोन आठवडे काढले. पीक निघाले साधारण पाचशे पौंडांचे आणि खर्च झाला, अंदाज असा, दहा हजार पौंड. एकेक टर्निप शिलिंगाला पडला, असे पार्नेल थट्टेने म्हणाले. आपण म्हणतो, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

नोव्हेंबर संपता संपता बॉयकॉट कुटुंबासह डब्लिनला गेला आणि 'हम्माम' नावाच्या हॉटेलात उतरला. हॉटेलवाल्याला धमकीचे पत्र आले आणि त्याने पाहुण्याला निरोप दिला. डिसेंबरच्या सुरुवातीला बॉयकॉट इंग्लंडच्या बोटीत बसला. पुढच्या वर्षी अमेरिकेला जाताना त्याने प्रवासात आपले आडनाव लपवून नुसते 'कनिंगहॅम' सांगितले, पण न्यूयॉर्कच्या पत्रकारांनी त्याला ओळखलेच. नंतर तो मेयोला परतला, वातावरणही निवळले. १८८६ मध्ये त्याने इंग्लंडमध्ये दुसरी नोकरी धरली आणि १८९७ साली तो वारला. तोवर त्याचे आडनाव त्याचे राहिलेच नव्हते. १८८० च्या नोव्हेंबरातच 'टाइम्स'च्या बातमीत ते क्रियापद म्हणून छापले गेले होते. लवकरच त्याचे मोठे अक्षर गेले, फ्रेंच, जर्मन, रशियन भाषांनी ते उचलले, जपानीपर्यंत ते पोहोचले. आणि कुळांना काय मिळाले? १८८१ मध्ये ग्लॅडस्टनच्या सरकारने जमिनीचा कायदा केला आणि त्या तीन मागण्यांना कायद्यात जागा मिळाली. त्याच वर्षी सरकारने विनाचौकशी तुरुंगात डांबण्याचा कायदाही केला, हेही सांगायला हवे.

मी कवी. शब्द सापडला की त्याचे नातेवाईक शोधायची मला खोड. अरबी भाषेने 'बॉयकॉट' जसाच्या तसा घेतला नाही. तिथे 'मुक़ातआ' म्हणतात. धातू 'क़त'अ', म्हणजे कापणे, तोडणे. संबंध तोडणे तो मुक़ातआ. त्याच धातूपासून गझलेचा 'मक्ता' आला; जिथे गझल तोडायची, संपवायची, तो शेवटचा शेर, ज्यात शायर आपले नाव गुंफतो. आणि त्याच धातूपासून आपल्या मराठीतला दुसरा 'मक्ता', ज्याच्यावरून मक्तेदार, मक्तेदारी हे शब्द झाले. ठरीव रक्कम तोडून वसुली हाती घेणारा तो मक्तेदार. म्हणजे कुळाकडून वसुली करणारा आणि कुळाने त्याच्याशी तोडलेले संबंध, दोघेही एकाच धातूच्या पोटचे. भाषा कधी कधी इतिहासाला हसत असते.

शब्द १८८० चा. करणी मात्र फार जुनी. इस्लामच्या सुरुवातीच्या काळात मक्केच्या कुरैश टोळीने पैगंबरांच्या बनू हाशिम घराण्याशी सोयरीक आणि व्यापार बंद केला. तसा लेखी करार काबागृहात टांगला गेला आणि सुमारे तीन वर्षे ते घराणे एका घळीत उपासमारीत राहिले. हे मुसलमानाच्या घरात लहानपणीच कानावर पडते. मराठी मुलाच्या कानावर पडते ती आळंदीची कथा : संन्यास सोडून संसारात परतलेल्या विठ्ठलपंतांना वाळीत टाकले गेले आणि त्याचा भोग ज्ञानेश्वरादी भावंडांच्या वाट्याला आला. 'वाळीत टाकणे', 'जातीबाहेर काढणे', 'ग्रामण्य', 'रोटीबेटी बंद'. ज्या गोष्टीसाठी भाषेत इतके शब्द असतात, ती गोष्ट त्या समाजात रोजचीच असते.

पण एक प्रसंग असा आहे, की तो वाचताना वाटते, हा शब्द आपल्याकडेच जन्मायचा राहिला. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात करडे नावाचे गाव आहे. डिसेंबर १८७४ मध्ये तिथे काळूराम नावाच्या सावकाराने कर्जात अडकलेल्या बाबासाहेब देशमुख या शेतकऱ्यावर दीडशे रुपयांसाठी हुकूमनामा मिळवला आणि त्याचे घर पाडायला घेतले. गावाने काय केले? सावकारांच्या दुकानातून खरेदी बंद. त्यांच्या शेतावर कोणी राबायचे नाही. न्हावी, परीट, सुतार, लोहार, चांभार या बलुतेदारांनी काम बंद केले. घरगडी मिळेना. कंटाळून सावकार तालुक्याच्या गावी निघाले, तर त्यांची गाडी हाकायला कोणी तयार नव्हते. लोण पुणे, अहमदनगर, सोलापूर, सातारा या जिल्ह्यांत पसरले. मे १८७५ मध्ये भीमथडीतल्या सुप्याला त्याचा भडका उडाला आणि गहाणखते, कर्जरोखे जाळले गेले. इतिहासात ते 'दख्खनचे दंगे' म्हणून नोंदले गेले, आणि १८७९ मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला.

मेयोच्या जवळजवळ सहा वर्षे आधीचे हे आहे. लोहार तोच, परीट तोच, गाडीवानसुद्धा तोच. फरक इतकाच, की करड्याला 'टाइम्स'ला पत्र लिहिणारा कोणी नव्हता आणि अमेरिकी पत्रकार जेवायला आला नव्हता. तो आला असता, तर आज जग कदाचित म्हणत असते, "त्या मालाला काळूराम करा."

'बॉयकॉट' हा शब्द हिंदुस्थानच्या राजकारणात दणक्यात आला तो १९०५ साली. वंगभंगाच्या निषेधार्थ ७ ऑगस्टला कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये विलायती मालावर बहिष्काराचा ठराव झाला. लोकमान्य टिळकांनी तो मंत्र महाराष्ट्रात आणला आणि स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण ही चतुःसूत्री झाली. ऑक्टोबरात पुण्यात विलायती कापडाची होळी पेटली.

त्याच डिसेंबरात बनारसच्या काँग्रेस अधिवेशनात नामदार गोखले अध्यक्षपदावरून बोलले. त्यांना स्वदेशी मान्य होती. पण 'बॉयकॉट' या शब्दाविषयी त्यांनी सावध केले. या शब्दाला त्याच्या जन्मापासूनच एक कडवट वास आहे, दुसऱ्याला इजा करण्याची सूडबुद्धी त्यातून आधी मनात येते, अशा अर्थाचे ते बोलले. फार निर्वाणीच्या प्रसंगी हे शस्त्र चालेल, एरवी नको. टिळक आणि गोखले यांचे मतभेद आपण शाळेपासून घोकले. पण त्यात एका इंग्रजी शब्दाच्या व्युत्पत्तीचाही वाद होता, हे आपल्याला कोणी सांगितले नाही.

यात आणखी एक पीळ आहे. ज्या टिळकांनी बहिष्काराचे शस्त्र उगारले, त्यांनी त्याचे पाते स्वतःच्या अंगावर पंधरा वर्षे आधी अनुभवले होते. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आणि शहरातली बरीच प्रतिष्ठित मंडळी गेली. तिथे चहा-बिस्किटे पुढे आली. काहींनी घेतली, काहींनी भिडेखातर कप हातात धरला. गोपाळराव जोशी यांनी सगळ्यांची नावे छापून टाकली. झाले, ग्रामण्य उभे राहिले. शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेले, प्रायश्चित्तांचा प्रश्न आला. न्यायाधीश असलेल्या रानड्यांनाही अखेर प्रायश्चित्त घ्यावे लागले. एक कप चहा! मँचेस्टरच्या गिरण्यांवरचा बहिष्कार आणि चहाच्या कपासाठी शेजाऱ्यावर टाकलेला बहिष्कार, दोन्हींना मराठीत शब्द एकच.

माझ्या मते साऱ्या प्रश्नाचे मूळ इथे आहे. लॉख मास्कचे शेतकरी ज्याला एकटे पाडत होते, त्याच्या पाठीशी जमीनदार, फौज आणि लंडनचे वर्तमानपत्र होते. पण हेच शस्त्र बलवानाच्या हाती गेले की काय होते? १९०५ नंतर पूर्व बंगालमध्ये जमीनदारांच्या माणसांनी गरीब कुळांना, त्यात बहुतेक मुसलमान, स्वस्त विलायती कापड आणि मीठ सोडायची सक्ती केली. महाग स्वदेशी घ्यायची त्यांची ऐपत नव्हती. १९०७ मध्ये कोमिल्ला आणि जमालपूर इथे दंगे झाले, त्यामागच्या अनेक कारणांत हेही एक होते. रवींद्रनाथ टागोर आधी त्या चळवळीच्या अग्रभागी होते, मग बाजूला झाले. १९१६ साली आलेल्या त्यांच्या 'घरे बाइरे' कादंबरीत त्या सक्तीची व्यथा आहे.

आणि महाड. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांबरोबर हजारो माणसे चवदार तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. त्याच दिवशी मार खाल्ला, आणि मार थांबल्यावर गावोगाव बहिष्कार सुरू झाला. दोन आठवड्यांत, ३ एप्रिलला, बाबासाहेबांनी आपले नवे पाक्षिक काढले. नाव ठेवले 'बहिष्कृत भारत'. पुढे मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीने, जिचे बाबासाहेब सदस्य होते, १९३० च्या अहवालात हे शस्त्र कसे चालते ते लिहिले. अस्पृश्य माणूस हक्क मागायला लागला की त्याचे काम बंद, गावची वाट बंद, वाण्याकडचे मीठमिरची बंद. मारहाणीची फिर्याद करता येते. पण वाणी माल देत नाही, याची फिर्याद कुठे करायची?

बाबासाहेबांनी गोलमेज परिषदेत त्याचेही उत्तर मांडले. बहिष्कार हा गुन्हा ठरवा, अशी मागणी करून त्यांनी त्याची कलमेच दिली, आणि ती घेतली होती १९२२ च्या ब्रह्मदेशातल्या बहिष्कारविरोधी कायद्यावरून. तो कायदा इंग्रजांनी केला होता तो राष्ट्रवाद्यांच्या बहिष्कारापासून सरकारच्या बाजूच्या लोकांना वाचवायला. बाबासाहेबांनी तेच हत्यार उलटे फिरवून गावकुसाबाहेरच्या माणसाच्या हाती द्यायचे ठरवले. वकिली बुद्धी आणि माणुसकी यांची अशी सांगड दुर्मिळ.

१ एप्रिल १९३३ रोजी जर्मनीत नाझींच्या तपकिरी वर्दीतल्या टोळ्या ज्यूंच्या दुकानांपुढे फलक घेऊन उभ्या राहिल्या. त्या दिवसालाही 'बॉयकॉट'च म्हटले गेले. मेयोतल्या भुकेल्या शेतकऱ्याचा शब्द त्रेपन्न वर्षांत कुठल्या तोंडी गेला पाहा. पुढे काय झाले ते जगाला माहीत आहे.

हे फक्त दुसऱ्यांच्या अंगणात घडते असे नाही. मी शाळकरी असताना आमच्या भागातल्या एका गावात जमातीने एक घर 'बंद' केले होते. घरच्या कर्त्याचा गुन्हा इतकाच, की त्याने भर बैठकीत जमिनीच्या उत्पन्नाचा हिशेब विचारला. त्या घरात मयत झाली, तेव्हा जनाज्याला खांदा द्यायला बाहेरगावचे पाहुणे येईपर्यंत थांबावे लागले. डॉ. असगर अली इंजिनीअर यांनी दाऊदी बोहरा समाजात सुधारणेची चळवळ केली, त्यांनीही असा बहिष्कार वर्षानुवर्षे सोसला. मुंबई राज्याने समाजाबाहेर टाकण्यावर बंदी घालणारा कायदा १९४९ सालीच केला होता. बोहरा धर्मगुरूंच्या अर्जावरून सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तो रद्द ठरवला, आणि त्या निकालाचा फेरविचार करण्याचा प्रश्न २०२३ मध्ये मोठ्या घटनापीठाकडे सोपवला.

मग हा शब्द टाकूनच द्यावा का? तसे म्हणता येत नाही. १ डिसेंबर १९५५ रोजी अमेरिकेत माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा सोडायला नकार दिला आणि काळ्या लोकांनी ३८१ दिवस बसवर पाऊल ठेवले नाही. मैलोन् मैल चालले, पण कोणाची भाकरी हिसकावली नाही. त्यांचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांनाही 'बॉयकॉट' शब्दाने अस्वस्थ केले होते. गोऱ्या वर्णवर्चस्ववाद्यांच्या संघटना काळ्यांविरुद्ध हेच तंत्र वापरत होत्या. मग आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय? १९५८ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी उत्तर दिले, की आम्ही बस कंपनीला बुडवायला निघालो नव्हतो. अन्यायाला दिलेली साथ आम्ही काढून घेत होतो. बनारसला गोखल्यांना जी शंका आली, तीच अर्ध्या शतकाने तिकडे किंगना आली.

दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषावर जगाने टाकलेला बहिष्कार हाही याच जातीचा. १९७४ मध्ये भारताने डेव्हिस चषकाचा अंतिम सामना खेळायला नकार दिला, चषकावर पाणी सोडले. आणि इथे आपला जेफ्री परत येतो. १९८२ साली इंग्लंडचे काही खेळाडू हा बहिष्कार झुगारून दक्षिण आफ्रिकेत खेळायला गेले, त्यात तोही होता. त्या साऱ्यांवर तीन वर्षांची बंदी आली. बॉयकॉटनेच बॉयकॉट मोडला, असे त्या वेळी कोणालाही म्हणायचा मोह व्हावा!

महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर जातपंचायतींनी वाळीत टाकलेल्या कुटुंबांची दुःखे वेशीवर टांगण्याचे काम अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी केले आणि विधिमंडळाने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा एकमताने संमत केला. राष्ट्रपतींच्या मंजुरीनंतर तो जुलै २०१७ पासून लागू झाला. अशा प्रकारचा देशातला तो पहिला कायदा. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. बाबासाहेबांनी गोलमेज परिषदेत कलमे मांडली, त्याला तेव्हा शहाऐंशी वर्षे झाली होती.

तेव्हा पुढच्या वेळी हा शब्द वाचाल, तेव्हा तीन गोष्टी विचारून बघा. कोण कोणाला बंद करतो आहे, दुबळा सबळाला की सबळ दुबळ्याला? काय बंद होते आहे, नफा की भाकरी आणि पाणी? आणि परतीची वाट आहे का? मेयोच्या शेतकऱ्यांची मागणी खंडात सूट इतकीच होती. तंटा शमल्यावर बॉयकॉट परत येऊन राहू शकला. अथेन्सचा माणूस दहा वर्षांनी आपल्या घरी येत असे. पण ज्याला केवळ त्याच्या जन्मासाठी बाहेर ठेवले, त्याने काय केले म्हणजे आत घेणार? त्याच्याकडे मागणी अशी कोणतीच नसते. असतो तो फक्त हुकूम, की आपल्या जागेवर राहा.

आयर्लंडच्या शेतकऱ्यांनी एका नावाचे क्रियापद केले. बाबासाहेबांनी जे आपल्या माणसांवर लादले जात होते, तेच उचलून पत्राच्या मथळ्यावर नाव म्हणून लावले. पहिल्याची गोष्ट शब्दकोशात मिळते. दुसऱ्याची गोष्ट अजून आपल्या गावागावांत चालू आहे, आणि ती कायद्याच्या पुस्तकाबाहेर, शेजारधर्माच्या हिशेबात संपवायची आहे.

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश)